हात त्यांचा, धीर आपला

संध्याकाळी धामणकर नाक्यावर उभं राहिलं की भिवंडी सगळ्या बाजूंनी अंगावर येते. कापडाचे तागे लादलेले टेम्पो, रिक्षांचे हॉर्न, पाळी संपवून निघालेले कारागीर, भाजी घेऊन घराकडे वळलेल्या बायका. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, सगळं एकाच वेळी कानावर पडतं. या गलक्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत असतं. "दादा, जरा बघ ना, हे काय मागतंय?" फोन पुढे होतो. रिचार्जच्या दुकानातला मुलगा मान वाकवतो, कॉलेजला जाणारी शेजारची मुलगी थांबते, रिक्षावाला मागे वळून पडद्यावर बोट ठेवतो. अर्ध्या मिनिटात काम होतं आणि दोघं आपापल्या वाटेने निघून जातात.

या शहरातलं तंत्रज्ञानाचं सगळ्यात मोठं विद्यालय हेच आहे. त्याला पाटी नाही, फी नाही, हजेरीपट नाही. जगात अनेक ठिकाणी लोकांनी याच देवाणघेवाणीला एक खोली, दोन टेबलं आणि आठवड्यातली एक ठरलेली वेळ दिली. त्यातून स्वयंसेवकांनी चालवलेले कॉम्प्युटर क्लब उभे राहिले, जिथे वस्तीतलं कुणीही आपला अडलेला फोन घेऊन येऊ शकतं. शेजारी बसलेल्या माणसामुळे असं काय घडतं, याचा शोध घेताना मी थक्क होत गेलो. हा शोध सिंधुदुर्गातून, फलटणमधून आणि तमिळनाडूतल्या एका खेड्यातून जातो. पण त्याची सुरुवात भिवंडीतच होते, कारण संगणकाचा एक पूर्वज या शहरात आजही धडधडतो आहे.

मागाच्या घरातलं यंत्र

माग काय करतो ते पाहू. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो तेव्हा ताण्यातले काही धागे वर असतात, काही खाली. कापडाच्या प्रत्येक बिंदूवर प्रश्न एकच: उभा धागा वर की खाली? तिसरं उत्तर नाही. साध्या कापडात हे वर-खाली आलटून पालटून होतं. नक्षी हवी असेल तर मागावर डॉबी बसवतात. डॉबीच्या पट्टीवर खुंटी असेल तिथे धागे उचलले जातात, खुंटी नसेल तिथे नाही. खुंट्यांची मांडणी बदलली की कापड बदलतं.

फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोझेफ मारी जकार्ड याने 1804च्या सुमारास हेच काम पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर आणलं. पत्त्याला भोक असेल तर आकडा धागा वर ओढेल, नसेल तर धागा जागेवर राहील. पत्ते एकमेकांना शिवून त्यांची साखळी केली की माग ती ओळीने वाचत जाई. 1839 साली या पद्धतीने खुद्द जकार्डची रेशमी तसबीर विणली गेली आणि त्यासाठी सुमारे 24,000 पत्ते लागले. इंग्लंडमध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने ती तसबीर मिळवली होती. आपण आखलेल्या विश्लेषक यंत्राला आकडे आणि आज्ञा देण्यासाठी त्याने हेच भोकांचे पत्ते निवडले होते. त्या यंत्रावर 1843 साली टिपणं लिहिताना एडा लव्हलेसने जकार्डच्या मागाचीच आठवण काढली. 1890 साली हर्मन हॉलरिथने अमेरिकेची जनगणना भोकांच्या पत्त्यांवर मोजली. आणि मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा आपल्या देशात घडवलेला संगणक 1960 साली रीतसर कामाला लागला, तेव्हा त्यालाही आज्ञा दिली जात होती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून.

वर की खाली, भोक आहे की नाही, एक की शून्य. ही भाषा भिवंडीच्या कारागिराच्या हातांना जन्मापासून ओळखीची आहे. संगणक या शहराला परका असल्यासारखं आपण बोलतो, तेव्हा इतिहासच विसरतो. मुंबईच्या गिरणी संपानंतर तिथले जुने माग भिवंडीत आले, कारखाने वाढले, उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून माणसं आली. त्यातल्या कित्येकांनी माग चालवणं वर्गात बसून शिकलेलं नाही. आधी कांड्या भरल्या, मग चालू मागाशेजारी उभं राहून पाहिलं, मग कुणीतरी म्हणालं, "आता तू चालव." माग अडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, येतो. चांगला जॉबर दुरुस्ती करता करता दाखवतोही, पुढच्या वेळी काय बघायचं ते. शेजारी उभं राहून शिकण्याची ही रीत गावाकडची, जुनाट वाटते. संगणकाच्या बाबतीत मात्र ती फार प्रभावी ठरली आहे.

भिंतीतला संगणक आणि भोवतीचं कडं

26 जानेवारी 1999 रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात संशोधक सुगत मित्र यांनी आपल्या कचेरीच्या भिंतीला एक खिडकी पाडली आणि तिच्यात इंटरनेटला जोडलेला संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. शिक्षक नाही, पुस्तक नाही, सूचना नाही. वस्तीतली मुलं जमली आणि आपापली शिकत गेली. पुढे देशात इतरत्र अशी यंत्रं बसली. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसली.

ही गोष्ट 'मुलं आपली आपण शिकतात' अशा थोडक्या शब्दांत जगभर गाजली. पण या निरीक्षणांत एक तपशील असा आहे की तो मला गाजलेल्या निष्कर्षापेक्षाही विलक्षण वाटतो. यंत्रासमोर मूल एकटं क्वचितच असे. एकाच्या हातात माउस, त्याला खेटून दोघं-तिघं सल्ला देणारी, आणि त्यांच्यामागे बघ्यांचं कडं. मागची मुलं ओरडून सांगत, अनेकदा चुकीचं. तरीही पुढे चाचणी घेतली तेव्हा बघ्यांनाही बरंच येऊ लागलेलं असे. शिकत होता तो सगळा घोळका. धामणकर नाक्यावर एका फोनवर झुकलेली चार डोकी दिसतात, तेही हेच आहे.

त्याच प्रयोगाचा दुसरा भागही पाहायला हवा. पुढे अभ्यासक अशा ठिकाणी परत गेले, तेव्हा उत्तराखंडातल्या काही जागी त्यांना ओस पडलेल्या चौकटी दिसल्या. यंत्र बंद पडलं, वीज गेली, देखभाल करणारं कुणी उरलं नाही, आणि भिंतीत फक्त खोबणी राहिली. यंत्र सोडून जाता येतं. त्याची काळजी वाहणारी माणसं मात्र गावातच असावी लागतात.

आपल्याकडे वारणेनेही एक मोलाचा धडा दिला. 1998 साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या सुमारे 70 गावांत संगणक केंद्रं उघडली. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण अशी मोठी स्वप्नं त्यामागे होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे येत ते उसाचं वजन किती भरलं, तोड कधी, खत किती उचललं, बिल किती झालं, हे विचारायला. 2006च्या सुमारास संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून पाहिला आणि तीच माहिती एसएमएसने दिली. काम चोख झालं. शेतकऱ्याला हवं होतं त्याच्या उसाचं उत्तर. ते कोणत्या यंत्रातून येतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. वस्तीतल्या क्लबसाठी हा पहिला नियम म्हणून लिहून ठेवावा: समोरचा माणूस संगणक शिकायला येत नाही, तो त्याचं अडलेलं काम घेऊन येतो.

मागे उभी राहिलेली ताई

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. सुगत मित्र आणि रितू डंगवाल यांनी तमिळनाडूतल्या कलिकुप्पम या खेड्यात एक मुद्दाम अवघड प्रश्न घेतला. तमिळ बोलणारी, दहा ते चौदा वर्षांची मुलं शिक्षकाशिवाय, इंग्रजीतल्या मजकुरावरून, आपणहून जीवतंत्रज्ञान शिकू शकतील का? डीएनएची प्रत कशी तयार होते, असा तो विषय. मुलांना काही येणार नाही अशीच अपेक्षा होती. सुरुवातीला अर्थातच काही येत नव्हतं. काही आठवड्यांनी त्यांना शंभरात सुमारे तीस गुण मिळाले.

नवल इथून पुढे वाढतं. तिशीवरून पुढे न्यायला त्यांनी तज्ज्ञ आणला नाही. मुलांच्या ओळखीची, त्यांच्याशी खेळणारी एक तरुणी होती. तिला जीवशास्त्राचा गंध नव्हता. तिला एवढंच सांगितलं की आजीसारखं वाग. मुलांच्या मागे उभी राहा आणि विचार: "हे तू कसं केलंस? मला पुन्हा दाखव ना. मला तर हे कधीच जमलं नसतं." दोन महिन्यांत गुण पन्नाशीला पोहोचले. दिल्लीतल्या चांगल्या खासगी शाळेत, विषयाच्या शिक्षकाकडून शिकणाऱ्या मुलांची पातळीही तेवढीच होती.

हा एक छोटा प्रयोग होता, एका गावातला. पण त्यात नेमकं काय वाढलं ते पाहा. माहिती वाढली नाही, कारण त्या तरुणीकडे ती नव्हतीच. यंत्र तेच, मजकूर तोच, भाषा तीच. भर पडली ती एका माणसाच्या उत्सुकतेची. "दाखव ना" म्हटल्यावर मुलाला आपलं समजणं शब्दांत मांडावं लागतं आणि मांडताना कुठे अडतंय ते त्यालाच कळतं. शिवाय कुणीतरी पाहतंय, कुणाला तरी कौतुक आहे, म्हणून तो आणखी थोडा वेळ यंत्राजवळ थांबतो. शिकण्यातला मोठा भाग हा थांबण्याचाच असतो.

2009 साली मित्र यांनी ब्रिटनमधल्या लोकांना आवाहन केलं: आठवड्यातला एक तास द्या आणि स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारा. शेकडो जण पुढे आले, त्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ. त्याला नाव पडलं 'ग्रॅनी क्लाउड', आज्यांचा मेघ. नावात आजी असली तरी त्यात आजोबा आणि तरुणही आहेत, आणि सगळे विनामोबदला. हा मेळा सांभाळण्याचं काम केलं पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांनी. 2013 साली मित्र यांना टेड पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यातून उभ्या राहिलेल्या सात केंद्रांपैकी एक आलं फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत. अमेरिकेत जन्मून भारताच्या नागरिक झालेल्या आणि मुलांना वाचतं-लिहितं करण्यासाठी फलटणमध्ये आयुष्य घालवलेल्या मॅक्सीन बर्नसन यांची ही संस्था. सातारा जिल्ह्यातल्या मुलांसमोर पडद्यावर दूरदेशीची आजी गोष्ट वाचते आहे, मुलं तिला काहीतरी करून दाखवत आहेत, आणि ती मनापासून म्हणते आहे, "अरे वा, पुन्हा एकदा!" शेजार समुद्रापलीकडूनही जुळतो, हे या केंद्रांनी दाखवलं.

गॅरेजमधून निघालेली वाट

मोठ्या माणसांचे क्लबही याच मातीतले. 5 मार्च 1975 रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. संगणक तेव्हा कंपन्यांचा आणि विद्यापीठांचा. घरात ठेवण्याजोगा सुट्या भागांचा संच नुकताच आला होता आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून ज्याला जे कळलं ते त्याने इतरांना दाखवायचं, एवढीच रीत. होमब्रू कॉम्प्युटर क्लब म्हणतात तो हा. स्टीव्ह वॉझनियाक आपल्या संगणकाचे आराखडे तिथे हातोहात वाटत असे, आणि तोच पुढे ॲपलचा पहिला संगणक झाला. आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या यंत्राच्या वंशावळीत एक फुकट भरणारी बैठक आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

1986 साली मेरी फर्लाँग यांनी अमेरिकेत सीनिअरनेट सुरू केलं. तिथे ज्येष्ठच ज्येष्ठांना शिकवू लागले, आणि ही पद्धत न्यूझीलंडपर्यंत गेली. साठीतल्या माणसाला साठीतल्याने शिकवलं की दोन गोष्टी आपोआप घडतात: वेग जुळतो आणि लाज गळून पडते. विशीतल्या नातवाचं बोट पडद्यावर इतकं भराभर फिरतं की आजोबांना दिसतो तो फक्त निकाल. वाट दिसतच नाही.

तेलाच्या डागाखालचं गणित

असा क्लब माणसाला फक्त 'कुठे दाबायचं' एवढंच शिकवत असेल तर तो अर्धा राहील. कारण शेजारी बसून सांगण्यासारखं आश्चर्य प्रत्येक टपरीवर चिकटवलेलं आहे.

वडापावच्या गाडीवरचा क्यूआर कोड घ्या. 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी बनवला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या खेळाचा पट पाहताना हारांना ही कल्पना सुचली. कोडाच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. चौथा कोपरा मोकळा, म्हणून फोन उलटा धरा की तिरका, कॅमेऱ्याला कळतं की कोड कसा बसला आहे. त्या चौकोनावरून कोणत्याही दिशेने मध्यातून रेघ मारली तर काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण एक, एक, तीन, एक, एक असंच मिळतं. हे प्रमाण त्यांनी कसं निवडलं? मासिकं, जाहिराती, खोक्यांवरची छपाई असा ढिगाने छापील मजकूर तपासून, त्यात सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण त्यांनी शोधून काढलं. म्हणून भोवती कितीही अक्षरं, चित्रं असली तरी कॅमेरा कोडाला बरोबर हेरतो.

त्याहून मोठं आश्चर्य तेलाच्या डागाखाली आहे. माहिती कोडात नुसती एकदा लिहून सोडलेली नसते. तिच्यासोबत गणिताने काढलेले ज्यादा आकडे विणलेले असतात. काही चौकोन पुसले गेले तरी उरलेल्यांवरून हरवलेले परत काढता येतात. सर्वांत भक्कम प्रकारात जवळपास तीस टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. कळकटलेला, कोपरा फाटलेला कागद आणि तरी पैसे नेमके त्याच गाडीवाल्याच्या खात्यात! आणि ज्या कंपनीने हे शोधलं तिने पेटंट असूनही जगाला ते वापरू दिलं. काळा चौकोन की पांढरा, पुन्हा तोच मागाचा प्रश्न. डॉबी चालवलेल्या कारागिराला हे समजावायला मला पाच मिनिटांच्या वर लागतील असं वाटत नाही.

धामणकर नाक्याला साजेसं आणखी एक नवल भाषेचं आहे. या परिसरात पद्मानगरचे तेलुगू विणकर आहेत, उर्दू वाचणारी घरं आहेत, आगरी-कोळी आणि घाटावरची मराठी आहे. एकाच निरोपात 'दुकान पाचला उघडेल' हे मराठीत आणि दुकानाचं नाव उर्दूत लिहिलं तर मराठी डावीकडून उजवीकडे धावते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. फोन गोंधळत नाही. कारण जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या मूळ अक्षरांना आणि चिन्हांना एकेक ठरलेला क्रमांक आहे आणि प्रत्येक लिपीची दिशाही नियमात लिहिलेली आहे. या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात, आणि तिची पहिली आवृत्ती 1991 साली आली. आपण 'क्ष' लिहितो तेव्हा फोनमध्ये 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन क्रमांक रांगेत उभे राहतात, आणि फॉन्ट त्यांचं एक जोडाक्षर करून दाखवतो. ज्या आजींना आपल्याला फोनवर लिहिता येत नाही असं वाटतं, त्यांच्या फोनमध्ये मराठी कळफलक बहुधा आधीपासूनच झोपलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो जागा करणं, हा कोणत्याही स्वयंसेवकाला दिवसभर पुरेल असा आनंद आहे.

नाक्यावर क्लब बसवायचा तर

याची गरज किती, हे सांगायला फार आकडे लागत नाहीत. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पाच वर्षांवरच्या दर शंभर भारतीयांपैकी साधारण साडेसोळा जणांनाच संगणक चालवता येत होता. त्यानंतर फोन झपाट्याने वाढले, आणि फोनवर ढकललेली कामंही वाढली. 2021 साली लशीची नोंद पोर्टलवर करावी लागली. त्याच वर्षी शेतकऱ्याच्या हाती ई-पीक पाहणी आली. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज ॲपवरून भरले गेले आणि अंगणवाडी सेविका गल्लोगल्ली बायकांचे फोन हातात घेऊन बसल्या. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ठसा ओळखत नाही, आणि माणूस स्वतःचं असणं सिद्ध करता न आल्याने खिडकीपुढे ओशाळा उभा राहतो. हयातीचा दाखला आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही देता येतो, हे त्याला वेळेवर सांगणारं कुणीतरी हवं असतं.

त्यासाठी लागतं फार थोडं. शाळेतली संध्याकाळी मोकळी असलेली खोली, वाचनालयाचा कोपरा किंवा मंडळाचा हॉल. एक-दोन जुने संगणक, चालू वायफाय आणि ठरलेला वार. वार ठरलेला हवा, कारण दुसऱ्या खेपेला माणूस शिकलेलं पक्कं करायला येतो. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू यांपैकी निदान दोन भाषा येणारी माणसं हवीत. बायकांसाठी त्यांच्या सोयीची वेळ आणि त्यांना शिकवणाऱ्या बायका हव्यात.

पण सगळ्यात आधी हवा एक नियम, आणि तो पाळायला सगळ्यात कठीण: फोन त्यांच्याच हातात राहू द्यायचा. मदत करणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो. आपण दहा सेकंदांत करून देऊ, त्यांना चार मिनिटं लागतील. ती चार मिनिटं द्यायची. ज्या बोटाने बटण दाबलं, आठवण त्या बोटात उरते. आपण करून दिलेलं काम आपल्यासोबत उठून निघून जातं. बोलावं तेही मोजकं: "आता पडद्यावर काय दिसतंय? तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?" आणि जमलं की, "पुन्हा एकदा करा बरं." कलिकुप्पमच्या ताईने केलं ते याहून वेगळं नव्हतं.

पहिला धडा द्यावा तो मागे येण्याचा. नवशिक्याला भीती असते की चुकीचं काही दाबलं जाईल आणि पैसे जातील. ही भीती खुळी नाही. पैसे खरेच जातात. म्हणून आधी दाखवावं की इथे मागे फिरायचा बाण आहे, इथे रद्द करा आहे, आणि यूपीआयने पैसे देताना बहुतेक वेळा पिन टाकल्यावरच रुपया हलतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही. हे एक वाक्य प्रत्येकाने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यावं. लिहिता येत नसेल तर पाठ करावं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मदत करणाऱ्या स्वयंसेवकालाही नाही. पिन टाकताना स्वयंसेवकाने उघडपणे तोंड फिरवावं, म्हणजे शिकणाऱ्याला कळतं की इथे तोंड फिरवणारा माणूसच विश्वासाचा. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तातडीने फोन करायचा, हेही त्याच पानावर असू द्या.

हे सगळं महाराष्ट्राला नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रशाळा काढली. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गावातले शिकलेले गावातल्या न शिकलेल्यांना रात्री अक्षरं शिकवू लागले. आज केंद्र सरकारचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी चालतो. तो स्वयंसेवकांच्या बळावरच उभा आहे आणि त्यात वाचन-लेखनासोबत डिजिटल साक्षरतेलाही जागा आहे. ज्याला शिकवायचं आहे त्याने स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं. चौकट तयार आहे. वाचनालयं, रात्रशाळा, मंडळं, बचत गट ही आपली कमावलेली सवय आहे. तिच्यात आठवड्याचा एक तास आणि एक जास्तीची खुर्ची बसवायची आहे.

एवढं सगळं वाचून आणि पाहून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. यंत्राला फक्त हो किंवा नाही कळतं. जकार्डच्या पत्त्यापासून टपरीवरच्या कोडापर्यंत त्याची सगळी करामत याच दोन उत्तरांत आहे. माणूस मात्र 'हो' आणि 'नाही' यांच्या मधे अडकतो: दाबू का, चुकलं तर, कुणी हसलं तर? ती जागा भरून काढणारं यंत्र अजून निघालेलं नाही. तिथे शेजारी बसलेला माणूस लागतो, आणि त्याने तज्ज्ञ असण्याचीही गरज नाही. तुम्हाला फोनवरून वीजबिल भरता येत असेल, मराठीत निरोप लिहिता येत असेल आणि चार मिनिटं हात मागे ठेवून थांबता येत असेल, तर तुमची पात्रता पूर्ण आहे. पुढच्या वेळी कुणी फोन पुढे करून "जरा बघ ना" म्हणेल, तेव्हा फोन घेऊ नका. खुर्ची ओढून शेजारी बसा.